रेडिओवर बोंबलणारं कुलूप

...मी म्हणतो, कुलपानं गप बसावं का न्हाय? तुमाला सांगतो, दुपारी रेडिओवर बारामतीचे बाजारभाव लागत्यात. मी कान टवकारून बसलोय, "बाजरी, क्विंटलला..." आन् फुडं खर्रर्र! खर्! खर्रर्र! भाव गेला वाऱ्यावर!

कुणाचं काम? आमच्या रतनचं! पोरगी इंजिनेरीच्या शेवटच्या वर्षाला. पुण्याच्या कंपनीला दाखवायला तिनं कार्डानं उघडणारं कुलूप केलंय. सोमवारी साहेब इंदापुरात आमच्या घरी येणार, कुलूप पसंत पडलं तर नोकरी. कुलपात म्हणं एक गुपित आकडा दडवलाय, कार्ड घातलं की त्यो आकडा घिऊन गुणाकारावर गुणाकार, जुळलं तर दार उघडणार. आकडा कुणाला म्हंजी कुणाला कळायचा न्हाय. ब्येस! मग रतन कार्ड घालून बघती तवा तवा माझ्या रेडिओत कशापायी बोंबलतंय? उठलो, माज्या बापाचं घोंगडं काढलं, चौपदरी करून टाकलं कुलपावर. धनगराचं घोंगडं हाय, त्यातनं पाऊस आत येत न्हाय, आवाज भाईर जाईल व्हय?

...खर्रर्र! आता कुलपानं गप बसावं का न्हाय?

आमची कौसल्या चुलीपासनं, "अवो, लेकीच्या कामात कशाला नाक खुपसताय?" नाक कुठलं, कान गेलं की माजं! रतनला म्हटलं, "तुजं कुलूप धड एकसारखं बी वरडत न्हाय. एकदा लांब, एकदा आखूड. एकसारखं वरडलं तर सवय तरी हुईल!"

पोरगी थिजलीच. "आबा, परत सांगा?" पेन्सिल घिऊन रेडिओपाशी बसली. आकडा म्हणं आत नुसत्या एक आन् शून्यांनी लिवलेला. लांब खर्र म्हंजी एक, आखूड म्हंजी शून्य... आन् सगळा गुपित आकडा कागदावर! डोळं भरलं तिचं. "आबा, गुणाकार करताना कुलपातली वीज रेडिओत खरखरती. एकाला दोन गुणाकार म्हणून लांब, शून्याला एकच म्हणून आखूड. कुणीबी रेडिओ घिऊन शेजारी बसंल आन् कुलूप फोडंल!" सोमवार तर परवावर!

पर पोरगी हटली न्हाय. शून्य आला तरी एक खोटा गुणाकार करायला लावला, उत्तर नुसतं टाकून द्यायचं. आता एक असू दे न्हायतर शून्य, खर्रर्र, खर्रर्र, सगळं सारखंच. सोमवारी साहेबांना आपणहून समदं सांगितलं. त्ये म्हणाले, "अहो, स्वतःचंच कुलूप फोडून बघणारी मुलगी आम्हाला कुठं मिळणार?" नोकरी पक्की! खरं सांगतो, ऊर भरून आला.

आता कंपनीची कुलपं तपासायला घरीच येत्यात. सगळी एका सुरात बोंबलत्यात! तवा जगात दोनच गोष्टी कुणाला कळत न्हाईत बघा... कुलपातला आकडा, आन् आजचा बाजरीचा भाव.