पॅराशूटची घडी

लिंबायतहून डिंडोलीला जाणाऱ्या शेअर रिक्षात विशाखाचे कान शेजारच्या मायलेकींकडे लागले होते.

"योगिता, घरी साडीची घडी घालत नाहीस, अन् तिथे त्या छत्रीची तू घालतेस?"

"पॅराशूट, आई. विमानातून उडी माझी, तर घडीही माझीच."

"अन् नाही उघडलं तर?"

"त्याच बॅगेत दुसरं असतं. ते परवाना असलेला माणूसच भरतो."

"मग पहिलंही त्यालाच दे ना."

"मला जमतं गं. फक्त मध्येच लक्ष दुसरीकडे गेलं, की सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून घालायचं."

"कशाने जातं लक्ष?"

"तुझ्या फोनने. काल तीनदा उलगडलं."

विशाखाचं घर मागे गेलं, तरी ती उतरली नाही.

"मग उद्या मी फोन करत नाही. जमिनीला पाय लागले की तूच कर."