सोळा सोमवार आणि झोपेतल्या लाथा

बायांनो, मी सोळा सोमवार कशासाठी धरले होते, सांगते. आमचे हे दिवसा गाईसारखे गरीब, पण झोपेत ओरडायचे, लाथा हाणायचे. मला वाटलं, यांना मी नकोशी झाले. म्हणून महादेवाला साकडं घातलं, "देवा, यांच्या मनातला राग काढ."

एकदा माझा काळानिळा दंड जावेनं पाहिला आणि आम्हा दोघांना बीडच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. बाईंनी यांना विचारलं, "झोपेत काय दिसतं हो?"

हे लाजत म्हणाले, "मेंढरांत लांडगा शिरतो. मी त्याला हाणतो."

"म्हंजे लांडगा मी व्हय?" माझ्या तोंडून निघालंच.

बाई हसल्या. "हा झोपेचा आजार आहे, राग नव्हे. स्वप्नात आपले हातपाय सैल पडतात, यांचे पडत नाहीत. तपासण्या करू, औषध आहे. तोवर वेगळं झोपा, उशाशी काठी ठेवू नका."

मला रडूच फुटलं. हे म्हणाले, "लई उपास केलेस की गं. मला एकदा इचारायचं तरी!"

उद्यापन मी आनंदानं केलं. तुमच्या घरी असं असेल तर तुम्हीही सोमवार धरा. फक्त त्याआधी धन्याला त्याचं स्वप्न विचारा आणि डॉक्टरकडे न्या.