धुक्यातलं दुसरं उत्तर

हॅलो?… कोण, तू होय? बोल गं. नाही, घरी नाही, धक्क्यावर उभी आहे. सकाळचे दहा वाजलेत, पण धुकं असं की चार पावलांपुढचं पाणी दिसत नाही… थांब हं, घंटा मारते.

…हां, बोल. तुझे भावोजी मोठी बोट घेऊन पलीकडून निघालेत. विसरलीस की काय सगळं? आपण घंटा मारायची, बोटीने उत्तर द्यायचं, आणि जितकी उत्तरं तितक्या बोटी लागेपर्यंत थांबायचं नाही. बाबांनीच तर शिकवलेलं दोघींना.

काय?… वाचलं, वाचलं. इथल्याही पेपरात आलं. राहायला सगळ्यांत वाईट शहर म्हणे. अगं, कशात तरी पहिला नंबर आला आपला. शाळेत कुणाचा आला होता कधी?… ओल आहे, मान्य. मीठ बरणीतून खरवडून काढावं लागतं, कपाटातल्या साड्यांना शेवाळाचा वास. पण मी दोन दिवस खोकले नाही ना, तर खालचा औषधवाला वर येऊन विचारतो, बाई, बरं आहे ना सगळं? तुझ्या सोळाव्या मजल्यावर येतं का कोणी?… तेच म्हणते मी. थांब, घंटा.

…ऐकलास भोंगा? आले बघ जवळ. …हो, कागद मिळाले. नाही केली सही अजून. अगं ऐक ना… ऐक तर. घर विकून तुझ्याकडे येऊन मी करू काय? खिडकीत बसून दुसऱ्यांच्या खिडक्या मोजू? इथे सकाळी पाण्यावरचं ऊन खोलीच्या छतावर नाचायला लागलं की देवाचं नाव आपसूक तोंडात येतं. …हो, याच नदीने बाबांना नेलं, होडीसकट. मला का माहीत नाही? पण बावीस वर्षं तू नुसत्या त्या पाण्याला शिव्या…

थांब जरा.

…नाही, काही नाही. भोंग्यामागून आणखी काही वाजल्यासारखं वाटलं. पुन्हा मारते.

…आलं का तुला ऐकू? टक टक… टक. वल्हं बोटीच्या काठावर आपटावं तसं. …अगं, दुसरी बोट असायला हवी ना? वाळूवाल्याची इथे माझ्या पायाशी बांधलीय. डॉक्टरीणबाईंची रंगवायला उलटी टाकलीय. आज नदीवर बोट एकच आहे.



हं, लागली मोठी बोट. उतरतायत माणसं. शाळेतल्या बाई, पाववाला, सगळे धडधाकट. तुझे भावोजी म्हणतात, झालं, चल घरी, चहा टाक. येते म्हटलं, एकदा मारून बघते.

…

हो. दोन, आणि मग एक. असं कोण ठोकायचं ते मलाही माहीत आहे. बोलू नकोस ते.

…काय? सावकाश बोल, रडताना काही कळत नाही. …बाबा गेले त्या दिवशी? हो, तुझी पाळी होती घंटेची, मी तापाने पडलेली. मोठी बोट लागली आणि तू घंटा थांबवलीस, सगळे आले असं समजून… बरं. …बरं. म्हणजे ऐकले होतेस. दुसरे ठोके तू ऐकले होतेस. हात गारठले म्हणून…

अगं ऐक. ऐक ना, बाळा. चौदा वर्षांची होतीस तू. आणि मला माहीत होतं. ताप असला तरी कान शाबूत होते माझे. खिडकी नदीवरच उघडते. मीही ऐकले, आणि पांघरूण ओढून घेतलं. म्हटलं, धाकटी आहे खाली, बघेल ती. …हो. इतकी वर्षं. तू त्यापायी गेलीस आणि मी त्यापायीच राहिले. मग राहता राहता जीव जडला गं, त्याला काय करू?

नाही, नाही थांबवत. ऐक, वाजतेय ना घंटा? तुझे भावोजी मारतायत. चहाचं नावही काढलं नाही पुन्हा. माणसंसुद्धा वर गेली नाहीत, पायऱ्यांवर उभी आहेत सगळी, पाववाला टोपली डोक्यावर तशीच धरून. उत्तर येतंय तोवर घरी जायचं नाही, माहीत आहे ना इथलं. अशा शहराला तू नावं ठेवतेस…

…येतंय. पाणी कापल्याचा आवाज येतोय. …दिसत काहीच नाही. …भीती? असेल थोडी. तू तिकडून देवाचं नाव घे, मी इथून घेते.

शू… काहीतरी पडलं धक्क्यावर.

…दोरी आहे. ओली, शेवाळाने भरलेली. एक टोक माझ्या पायाशी, दुसरं धुक्यात. …हो गं, ताणली जातेय. तिकडून कुणीतरी धरलीय.

…सांगते बाबांना. धाकटीनेही आज घंटा ऐकली म्हणून सांगते. …सहीचं बघू नंतर. आता ठेवते फोन. बांधायला दोन्ही हात लागतात.