मास्तरांच्या रेघा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, प्रयोगशाळेतील सहकारी, आणि आज निवृत्तीच्या या समारंभाच्या उत्सवमूर्ती असूनही कडेची खुर्ची धरून बसलेल्या ताई,

मी कॉम्प्युटर कोणत्याही कॉलेजात शिकलेलो नाही. जे येतं ते स्वतः, चुकतमाकत मिळवलेलं. म्हणूनच कामात केसभर फरक मला खपत नाही. ताई मला 'फूटपट्टी' म्हणतात, ते उगाच नाही.

पाहुण्यांसाठी सांगतो. आमच्याकडे उंदरांच्या मेंदूचे एमआरआय होतात. त्या चित्रांत मेंदू कुठे संपतो, ती रेघ वर्षानुवर्षं दोघांनी हाताने काढली. एक ताई, दुसरे शेजारच्या टेबलावरचे आमचे मास्तर. सगळ्यांना दुरुस्त करायचे, म्हणून मास्तर. आता मी बसवलेलं मशीन डीप लर्निंगने, म्हणजे आधीची चित्रं पाहून शिकून, ती रेघ मारतं. पण ते शिकलं कोणाकडून? या दोघांच्याच रेघांवरून.

नाकाकडे चित्र अंधुक होतं. तिथे ताईंची रेघ आत, मास्तरांची बाहेर.

"मास्तर, उंदराला आहे तेवढाच मेंदू राहू द्या, पदरचा घालू नका."

"ताई, तुम्ही कापताय तो भाग वासाचा आहे. बिचाऱ्याला जेवण तयार झालं हे कळायचं कसं?"

रोज हेच. मशीननेही दोघांचं ऐकलं, आणि नेमकं तिथेच ते बुचकळ्यात पडतं. रेघेऐवजी राखाडी डाग उमटतो.

गेल्या वर्षी मास्तर गेले. मीच ताईंना म्हटलं, निवृत्तीआधी त्यांची चित्रं तुमच्या पद्धतीने पुन्हा आखून द्या, म्हणजे मशीन एकाचंच ऐकेल आणि डाग जाईल. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे रे फूटपट्टी. आता भांडायला तरी कोण उरलंय?"

काल त्यांनी काम परत दिलं. मी एकेक चित्र उघडून ताडून पाहिलं. मास्तरांच्या एकाही रेघेला हात लावलेला नव्हता. बदललं होतं एकच चित्र, तेही ताईंचं स्वतःचं. नाकाकडची रेघ बाहेर सरकवलेली, मास्तरांनी मारली असती तिथे.

मी विचारलं, तर चष्मा पुसत म्हणाल्या, "या एकात त्यांचंच बरोबर होतं. सांगायचं राहून गेलं."

अध्यक्ष महोदय, डाग तसाच आहे. तो पुसायला आता माझा हात धजत नाही.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. भाषण मोजूनमापून लिहून आणलं होतं. तरी आवाज कुठे अडखळला असेल, तर तेवढं पोटात घाला.