उन्हाचं अपील

...नाही, पण तुम्हीच सांगा, ऊन काय वाटणीपत्रात लिहिलेलं असतं? नसतं ना! तरी आमच्या असोद्याच्या घरात बठ्ठं, सगळंच्या सगळं ऊन मोठ्या जाऊबाईंकडे, रूपालीताईंकडे, आणि माझ्याकडे पाण्याची टाकी न् तिची सावली!

आता टाकी मीच मागितली होती, हे खरंय. तुमच्यापासून काय लपवायचं? आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, गच्चीचे दोन भाग केले तेव्हा मीच ह्यांना कोपरानं ढोसलं, 'टाकीकडचा घ्या हो, नाहीतर ताई घेऊन बसतील!' ह्यांनी गपकन सही ठोकली. पण तेव्हा छकुली कुठं होती? आता दहा महिन्यांचं लेकरू, सारखं नाक गळतंय, सकाळी तेल लावून कोवळं ऊन दाखवायचं तर माझ्याकडे ऊन येतं बारा वाजता! आणि ताईंकडे सातपासून नुसतं सोनं सांडलेलं, त्या सोन्यात काय, तर आवळ्याच्या फोडी! त्यासुद्धा एकसारख्या, पट्टीनं मापल्यासारख्या! जीव जळतो हो... म्हणाल, मागून घे ना ऊन. मागू? मी? त्यांच्याकडे?

दावा लावला. हरलो. म्हटलं, अपील करा! तर अखिलभाऊ वकील म्हणतात, 'वहिनी, अमृतभाऊंनी राजीखुशीनं सही केलीय, अपिलात मेरिट नाही.'

मेरिट! तुम्हाला सांगते, हा शब्द ऐकला की माझं डोकंच फिरतं. ताई दहावीला मेरिटमध्ये आलेल्या, त्यांचा पेपरातला फोटो आमच्या बैठकीत टांगलाय, मी रोज त्याची धूळ पुसते. आणि मी? सातवी! म्हटलं, 'भाऊ, मेरिट नसू द्या, पस्तीस टक्के तर मिळतील? काठावर पास करा!'

वकिलांनी कपाळाला हात लावला. 'अहो, ते कोर्ट आहे, बोर्ड नाही!'

तरी केलं अपील. मग काय, तारखा! दर तारखेला छकुलीला सासूबाईंकडे सोपवायची. त्या पिंपळनेरकडच्या, म्हणायच्या, 'जा व माय, पोर मनाजोडे शे!' माझ्याजवळ आहे, म्हणे. मी कोर्टाच्या बाकावरून दहा फोन करणार, शिंकली का, रडली का... आणि गंमत बघा, तारखेच्या दिवशी पोरीचं नाक कोरडं! एरवी धार. म्हटलं, बघा, कोर्टाची पायरी चढले की माझ्या लेकीला गुण येतो! आणि म्हणे मेरिट नाही!

परवाच्या तारखेला अर्ध्या रस्त्यातून मोटारसायकल वळवली, फाईल घरी राहिली होती. घरात छकुली नाही! धावत गच्चीवर गेले... तर ताईंच्या उन्हात, गोधडीवर, तेलानं चकचकीत माझी लेक! हातात आवळ्याची फोड, आणि ताईंकडे बघून काय म्हणते, 'आ...ई!'

आई!! मी नऊ महिने पोटात वागवली, आणि यांना आई!

ताई दचकल्या. 'अगं नाही गं छकुले, तुझी आई ती बघ, दारात उभीय.' मग मला म्हणाल्या, 'दर तारखेला आणते हिला. सासूबाई म्हणाल्या, धाकटीला सांगू नको, ती कोर्टात जायची बंद होईल, मग पोरीचं ऊन बुडेल!'

म्हणजे चांगुलपणातही यांचंच मेरिट! एखादा विषय तरी सोडा ना हो माझ्यासाठी!

फाईल घेऊन कोर्टात गेले. साहेबांनी दोन पानं उलटली, म्हणाले, 'खारीज.' मी उठलेच, 'साहेब, पस्तीस टक्के...' ह्यांनी पदर ओढून खाली बसवलं.

बाहेर आलो. ह्यांना केवढा आनंद! 'सुटलो! आता तारीख नाही, जळगावची फेरी नाही!'

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तारीख नाही, म्हणजे मी घरी... मी घरी, म्हणजे छकुलीला ऊन नाही! आता मागावं लागणार. तोंड उघडून. ताईंकडे. त्या हसून 'घे की गं' म्हणणार, आणि ते हसू मी आयुष्यभर बघणार.

तशीच मागं फिरले, वकिलांना गाठलं. 'भाऊ, याच्यावरचं कोर्ट कुठलं?'

'वहिनी, हात जोडतो, हायकोर्टातही मेरिट नाही!'

म्हटलं, 'मेरिट राहू द्या, पस्तीस टक्केसुद्धा नकोत. फक्त एवढं सांगा... तारखा सकाळच्या मिळतात ना?'