बरण्यांना हवा

—नाही हो हिंदुराव, टायरला लाथ मारून काय कळणार? टायर उत्तम आहेत. ट्रक लढाईतला, देहूरोडला लष्कराच्या लिलावात घेतलेला, मागचा ट्रेलरही तिथलाच — बॉम्बगोळ्यांना जे जमलं नाही ते आमच्या चाकणच्या हमालांना जमलं, एवढंच. म्हणजे — तसं काही मोडलेलं नाही. चहा घ्या. सौदा आजच उरकून टाकू. हा विकला की मी सुटलो. सांगवीला मेव्हण्याच्या जागेत पिठाची गिरणी टाकणार. पिठाचं बरं असतं — फुटत नाही.

का विकतो म्हणता? रास्त आहे. पिंपरीला कारखाने आले, त्यातल्या एकाच्या काचेच्या बरण्या मुंबईला पोचवायचं काम मला मिळालं. गावात पेढे वाटले, मूर्खासारखे. आता भरायला माणसं कोणती? आमचीच, कांद्याच्या बाजारातली, ट्रकवर बसूनच यायची. त्यांचे मुकादम आबाजी — माझे सख्खे चुलते. कांदा कसा भरतात तुम्हाला ठाऊक आहे, पोत्यापोत्यांत फट ठेवायची, वारा खेळला नाही तर वाटेतच सडतो. आबाजींनी बरण्यांची खोकीही तशीच रचली. मध्ये वीतभर फट. मी म्हटलं, काका, कांदा श्वास घेतो, बरणी घेत नाही. तर म्हणाले, "पोरा, माल कुठलाबी आसू दे, त्याला वारं लागतंच. तुजा बाप ह्येच करत व्हता." बाप काढल्यावर मी ताडपत्री बांधली. घाटात पहिल्याच वळणाला खोकी एकमेकांच्या गळ्यात पडली. मुंबईला ताडपत्री काढली, तर लोणचं घालण्याजोगं फारसं काही उरलं नव्हतं. भाडं नुकसानीत गेलं, पेट्रोल माझ्या डोक्यावर. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्याही.

एकदा साधलं होतं — खोटं कशाला बोलू? आबाजी कुरुळीला लग्नाला गेलेले. मी स्वतः उभा राहिलो, खोक्याला खोकं चिकटवलं, उरलेल्या जागेत पेंढा ठासला. एक बरणी फुटली नाही! कारखान्याचा साहेब हसला. त्याला दात आहेत हे तेव्हा कळलं. इकडे आबाजी परतले, ऐकलं, पटका झटकला आणि घरी जाऊन बसले. त्यांच्यामागं सगळे हमाल. बाजारात पोती उन्हात पडलेली, व्यापारी माझ्या दारात. शेवटी मीच जाऊन पाया पडलो. त्यानंतर फट वीतभर राहिली नाही — हातभर झाली. बरण्या आता रेल्वेनं जातात. रेल्वेला चुलते नाहीत.

छे, त्यानं ट्रेलरला काय होतंय? कांदा आहेच की. फक्त तोही सगळा मागच्या बाजूला रचतात, पोतं पुढपर्यंत न्यायचा कंटाळा — मग वजन शेपटीवर, उताराला ट्रेलर शेपूट हलवतो, आणि पुढचा जोडाचा आकडा जरा ओढला जातो. जरासा. ड्रायव्हर मारुतराव म्हणायचे, एक दिवस हा माझ्या आधी घाट उतरेल. म्हणायचे म्हणजे — आता ते एसटीत आहेत.

अहो, खाली वाकू नका, धोतराला वंगण लागेल. कुठं? आकड्याला? ती चीर नाही हो, जुना ओरखडा — बरं, चीर आहे. सांधून देतो. अहो, किमतीचं बघू की, तुम्ही म्हणाल ते — टोपी कशाला उचलता? चहा तरी... हिंदुराव! ट्रेलर राहू द्या, नुसता ट्रक घ्या! अहो —

कोण होतं? कुणी नाही, काका. वाट चुकलेला माणूस. गिरणी? कसली गिरणी? तुम्हाला भलतंच काहीतरी ऐकू आलं असेल. आणा पोती. हो, मागूनच भरा. आणि फट ठेवा.