आठवीच्या डब्याची ड्युटी

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. शनिवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. भिवंडीच्या निजामपुऱ्यातली शाळा, आठवीचा वर्ग. सहलीच्या पैशांचा डबा, कुलूप लावलेला, वर पैसे टाकायची फट, जागेवर नाही... आणि दोष कोणाचा म्हणे? केसरीनाथ मास्तरांचा! अहो, तुम्हाला सांगतो, त्या माणसानं केलं काय? वज्रेश्वरीच्या सहलीसाठी पोरांनी यंत्रमागांच्या कारखान्यांतली टाकाऊ चिंधी गोळा करून विकायची असं ठरलं, पण राबायची एकटी गोदू, बाकीचे एकेचाळीस नुसते खिडकीच्या जागेवरून भांडायचे! म्हणून मास्तर कडाडले, "जबाबदारी सगळ्यांची! डबा रोज एकानं पाळीनं सांभाळायचा!" चुकलं काही? पण पोरं भिवंडीची... यांना पाळी म्हणजे शिफ्ट आणि सांभाळणं म्हणजे ड्युटी!

आठ वाजता मुख्याध्यापक आपल्याकडच्या किल्लीनं डबा उघडणार, एस.टी.चे पैसे भरणार. मास्तर अजून टेंपररी. डबा गेला की नोकरी गेली, वर चोरीचा आळ!

"गोदू, डबा?"

"माझ्याकडं न्हाय सर, कालच महमूदला दिलाय."

"महमूद?"

"सर, मला बुखार होता ना! बदली पाठवला. काळूराम, आमच्या लूमवरचा."

बदली! कामगार आजारी पडला की दुसरा पाठवतात, तसा! जबाबदारी सगळ्यांची! मास्तर धावत सुटले, समोर हवालदार दिसला तर काही कारण नसताना भिंतीला चिकटले, त्यालाच नमस्कार घातला, पुन्हा धावले. त्या लूमच्या कारखान्यात हा खडखडाट! काळूराम कानाशी ओरडला, "घाबरता काय मास्तर? शिफ्ट सुटली तसा पुढच्याला चार्ज दिला मी!"

"पुढचा कोण?"

"आला तो! मशीनवर नाव कोण विचारतो? बोललो त्याला, शाळेचा डबा हाय, आपल्या सगळ्यांचा!"

घ्या! आता सगळ्यांची म्हणजे अख्ख्या भिवंडीची! शोधणार कुठं? कोणाच्या पाया पडणार?

आठला पाच कमी असताना मास्तर घामानं निथळत परतले, तर डबा मुख्याध्यापकांच्या टेबलावर! कुलूप शाबूत! कोणी ठेवला? शिपाई म्हणतो, मी घंटेपाशी होतो. उघडला, मोजले. हवे होते एकशे अडुसष्ट, निघाले एकशे एकोणऐंशी, वरच्या नाण्यांना मागावरची सुताची पिंज चिकटलेली! मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं...

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. "केसरीनाथ, कमी भरले असते तर पगारातून कापले असते, विषय संपला असता. जास्त कसे? लेखी खुलासा द्या. तोवर तुम्हाला कायम करता येणार नाही."

सहल जाऊन आली, बेचाळीस पोरं गरम कुंडांत डुंबून आली, मास्तर शाळेत खुलासा लिहीत बसले. परवा पाचवा खुलासाही परत आला... कारण त्या डब्यात अकरा रुपये कोणी टाकले, हे आजपर्यंत एकानंही सांगितलेलं नाही.